टेकडीची रेंज

फोन हातात घेतला की काका आधी तो दोनदा तळहातावर आपटायचे. तंबाखूची डबी आपटावी तसा. मग काचेकडे बघत थांबायचे, आणि शेजारच्या कोणी घाई केली तर म्हणायचे, "थांब, त्याले दम खाऊ दे."

'आपटायचे', 'म्हणायचे' असं लिहिते आहे म्हणून काही वेगळं समजू नका. काका आहेत. मीच आता तांड्यात नसते, पुढचं शिकायला यवतमाळला असते. त्यामुळे तिथलं सगळं 'होतं' असं लिहायची सवय लागली आहे. एखाद्या माणसावर कसं लिहायचं हे मला नीट माहीत नाही. आमच्या घरात याआधी कोणी कोणावर काही लिहिलेलं नाही. तेव्हा जसं आठवतं तसं लिहिते. आणखी एक सांगायचं राहिलं. आम्ही बंजारा, आपसात गोरबोली बोलतो, पण ती तुम्हाला कळणार नाही म्हणून काकांचं बोलणं वऱ्हाडीत लिहिते आहे. बाजारात गेल्यावर ते तसंच बोलतात.

आमचा तांडा पांढरकवड्याकडच्या डोंगरांत एका खोलगट जागी आहे. हैदराबादचा हायवे तिथून पायी तासाभरावर. खोलगट असल्यामुळे तांड्यात मोबाईलची रेंज नसते. असली तर एक काडी, तीही येऊन जाऊन. पूर्ण रेंज मिळते ती टेकडीवर, मोहाच्या झाडाखाली. काका रोज शेळ्या घेऊन तिथे जात. म्हणून कधीतरी कोणीतरी आपला फोन त्यांच्या हाती दिला, की दिवसभर राहू द्या तुमच्याजवळ, कोणाचा आला तर घ्या. मग दुसऱ्याने दिला. मी बारावीत होते तोवर काका अकरा फोन घेऊन टेकडी चढत होते. खताच्या पोत्याची एक लांब पिशवी त्यांनी स्वतः शिवली होती, अकरा खणांची. ती मोहाच्या फांदीला टांगलेली असे. काकांना वाचता येत नाही. कोणता फोन कोणाचा हे ते वाजण्यावरून ओळखत.

संध्याकाळी शेळ्यांच्या मागून पिशवी खाली यायची आणि काका घरोघरी फोन वाटत जायचे, निरोपासकट. निरोपात काटछाट नसे.

"तुह्या जावयाचा फोन आलता. रागात होता. मी म्हटलं, आधी दम खा, मंग बोल. मंग खाल्ला त्यानं दम. परवा येऊन राह्यला."

हे सगळं ओट्यावर उभं राहून, चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात. माझ्या कॉलेजच्या प्रवेशाचा निरोपही असाच टेकडीवरून आला. "कॉलेजातून बाई बोलून राह्यल्या होत्या. दोन फोटो आन म्हणे, अन् दाखला. आवाजावरून भली वाटली." त्या बाई पुढे मला भेटल्या. भल्याच होत्या.

अकरा फोनांतला एक काकांचा स्वतःचा. त्यावर एकाच माणसाचा फोन यायचा, त्यांच्या मुलाचा. मी त्याला भिया म्हणते, म्हणजे भाऊ. भिया नागपूर ते हैदराबाद ट्रक चालवतो. घरी यायला त्याला सवड मिळत नाही, पण हायवे आमच्याच फाट्यावरून जातो. तर या दोघांनी एक पद्धत बसवली होती. वीस-पंचवीस दिवसांनी भियाची फेरी असली की तो हिंगणघाटला चहाला थांबायचा आणि तिथून फोन करायचा, "बा, निघालो." तिथून फाट्यापर्यंत ट्रकला दीड तास. तेवढ्यात काका टेकडी उतरणार, डबा उचलणार आणि फाट्यावर पोहोचणार. ट्रक सर्व्हिस रोडला दहा मिनिटं थांबणार. भिया केबिनच्या पायरीवर बसून जेवणार, काका उभं राहून बघणार. काकी गेल्यापासून काका स्वतःच भाकरी थापतात. ती बोटभर जाड असते. भिया म्हणायचा, "बा, ही जॅकखाली ठेवाले बरी आहे," आणि दोन खायचा.

बाप-लेकाची एवढीच भेट होती. दहा मिनिटांची. आणि ती त्या एका फोनवर टांगलेली होती.

तेव्हा मी घरूनच बसने कॉलेजला जाऊन-येऊन करत होते. दुसऱ्या वर्षाला असताना माझ्या अभ्यासासाठी वडिलांनी घरी इंटरनेटची वायर घेतली. तांड्यातलं पहिलं वायफाय. माझ्या वडिलांना याचा इतका आनंद झाला की पासवर्ड त्यांनी खडूने ओट्याच्या भिंतीवर लिहून ठेवला. मग कोणाच्या तरी फोनमध्ये वायफाय कॉलिंग सापडलं. म्हणजे रेंज नसली तरी वायफायवरून साधा फोन लागतो आणि येतो. महिन्याभरात आमचा ओटा म्हणजे नवी टेकडी झाली. पिशवीतले खण एकेक करून रिकामे झाले. शेवटी अकरा खणांच्या पिशवीत काकांचा एकटा फोन राहिला, आणि काका ती पिशवी तशीच, पूर्ण लांबीची, रोज टेकडीवर नेत राहिले.

मला ते बघवेना. काकांचं घर आमच्या भिंतीला लागून आहे, आमचं वायफाय त्यांच्या खिडकीपर्यंत व्यवस्थित येतं. त्यांचे गुडघे दुखत होते. म्हटलं, यांनी कशाला टेकडी चढायची? घरात बसून भियाचा फोन घेता येईल. मी ठरवलं की हे काम मी करून देणार. शिकलेल्या माणसाचा उपयोग व्हायला पाहिजे, असं मला त्या वर्षी फार वाटायचं.

पहिली अडचण फोनची. तो भियाचा जुना फोन होता, आणि त्यात वायफाय कॉलिंगचा पर्यायच नव्हता. अपडेट केल्यावर येणार होता. अपडेटचा निरोप तर त्या फोनवर कित्येक महिन्यांपासून रोज येत होता, आणि काका तो रोज कोणाकडून तरी 'नंतर' म्हणून दाबून घेत होते.

"करा ना एकदाचं," मी म्हटलं.

"चालू फोन आहे. त्याले कायले उघडाचं?"

"उघडायचं नाही काका, आतल्या आत होते."

"ते तं अजूनच वाईट."

शेवटी तयार झाले. अपडेटला सव्वा तास लागला. काका पूर्ण वेळ फोनसमोर मांडी घालून बसले होते, ऑपरेशनला आणलेल्या माणसाचे नातेवाईक बसतात तसे. मधे फोन बंद होऊन पुन्हा सुरू झाला तेव्हा म्हणाले, "एवढ्या वेळात तं माह्या पोरानं दोन टायर बदलले असते."

अपडेट झालं आणि नवीनच संकट आलं. आलेला फोन उचलायची रीत बदलली. आधी हिरवं बटण वर सरकवायचं होतं, आता बाजूला सरकवायला लागलं. काकांचा अंगठा वरच जायचा. तुम्ही कोणा म्हाताऱ्या माणसाला फोन शिकवला असेल तर तुम्हाला माहीत असेल, आपण आधी गोड बोलतो, मग हळू बोलतो, मग मोठ्याने बोलतो. मी दोन दिवसांत तिसऱ्या पायरीवर आले. त्यांच्या समोर बसून माझ्या फोनवरून त्यांना फोन लावायचा, त्यांनी तो उचलायचा, असं किती वेळा केलं याचा हिशेब नाही. उचलला की ते थांबत नसत.

"हॅलो. कुठून बोलून राह्यली?"

"तुमच्यासमोरून."

"बरं. जेवली का?"

"काका, ठेवा आता. ही प्रॅक्टिस आहे."

"ठेवतो. पण जेवली का, ते सांग."

वायफायवरून बोलताना त्यांनी आवाज एकदम बारीक केला. मी विचारलं, काहून? तर म्हणाले, "तुह्या घरच्या वायरीतून आवाज जाते. तुह्या बापाले ऐकू जात असन." नाही जात, हे मी त्यांना तीन प्रकारे समजावलं. त्यांनी मान डोलावली आणि कुजबुजतच राहिले. ज्या माणसाने तांड्यातल्या सगळ्या जावयांचे राग ओट्यावरून मोठ्याने ऐकवले, त्याला स्वतःच्या मुलाशी बोलायला आडोसा पाहिजे होता.

एवढं करूनही फोन नीट लागेना. ती एक काडी आडवी येत होती. रेंजची काडी दिसली की फोन वायफाय सोडून तिलाच धरायचा आणि बोलणं तुटायचं. काका म्हणाले, "पाय, त्याले बी टेकडीच आवडते." मी रडकुंडीला आले. कॉलेजातल्या एका मैत्रिणीने उपाय सांगितला. फोन विमानाच्या मोडवर टाक आणि नुसतं वायफाय चालू ठेव. मग त्याला काडी दिसणारच नाही. त्या संध्याकाळी करून पाहिलं. वर कोपऱ्यात छोटंसं विमान आलं, आणि आवाज काय स्वच्छ यायला लागला. मी यवतमाळच्या माझ्या मावशीला लावून दिला, तर काका पंधरा मिनिटं बोलले. विषय शेळ्यांचा.

मला फार बरं वाटलं. मी म्हटलं, "काका, वर हे विमान दिसलं की समजायचं सगळं ठीक आहे. अन् फोन घरातच ठेवायचा."

"हे विमान."

"हो, हेच."

"अन् लाईट गेली तं? तुही वायर बंद होईन."

प्रश्न बरोबर होता. पण दिवसभर त्या फोनशी झगडून माझं डोकं उठलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी माझी चाचणी होती. मी चिडून म्हटलं, "मग जा तुमच्या टेकडीवर."

काकांनी मान डोलावली. आता वाटतं, मी सांगितलेलं त्यांना पहिल्यांदाच पूर्ण पटलं होतं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजहून परत येताना फाट्यावर बसमधून उतरले तर चहाच्या टपरीवाले भाऊ हाक मारत आले. हातात एक पिशवी होती.

"तुमच्या तांड्यातल्या काकाचा पोरगा आलता. अर्धा घंटा थांबला. तेवढा तं तो कधी थांबत नाही. फोनवर फोन लावून राह्यला होता, लागे नाही. दोन चहा पेला अन् गेला. हे देजा म्हणे."

पिशवीत एक स्वेटर होता, कोऱ्या घडीचा. मागच्या फेरीला भिया दुसऱ्या रस्त्याने गेला होता. म्हणजे दोघांची भेट दीड महिन्यापासून नव्हती. मी तो तासाभराचा रस्ता कसा चालले ते मला आठवत नाही. एवढं आठवतं की चालताना मी काकांवरच चिडले होते. एवढं समजावलं, एवढं करून दिलं, आता काय केलं यांनी? बटण पुन्हा वर सरकवलं असेल, नाहीतर झोपले असतील. ओरडायचं काय ते मी मनात ठरवूनच आले होते.

काकांच्या दाराला कडी होती. याडी, म्हणजे माझी आई, म्हणाली, "सकाळपासून लाईट नाही. ते टेकडीवर गेले."

मी बॅग खाली न ठेवता तशीच टेकडी चढले.

काका मोहाच्या बुंध्याला टेकून बसले होते. गुडघ्यावर फोन, बाजूला बांधलेला डबा. भिया त्या दिवशी येणार असा काकांचा अंदाज होता, म्हणून डबा सोबतच आणला होता, म्हणजे फोन आला की परस्पर फाट्याकडे उतरता येईल. मला बघून हसले.

"आज पोराले उशीर झाला. हिंगणघाटले पोहोचलाच नाही अजून."

"काका, फोन दाखवा."

"पाय ना. विमान आहे. दर घडीले पाहून राह्यलो. सगळं ठीक आहे."

फोन हातात घेतला. वर कोपऱ्यात विमान होतं. घरच्या वायफायपासून एवढ्या लांब, अख्ख्या तालुक्यात जिथे सगळ्यात चांगली रेंज येते त्या झाडाखाली, मी बंद करून दिलेला फोन घेऊन तो माणूस सकाळपासून बसला होता. लाईट गेली म्हणून, मी सांगितलं तसा. त्याने एकही चूक केली नव्हती.

मी विमान काढलं. क्षणभर काही झालं नाही. मग फोन थरथरायला लागला आणि एकामागून एक मेसेज आले, भियाच्या राहून गेलेल्या फोनांचे. काकांनी फोन माझ्या हातातून घेतला, सवयीने दोनदा तळहातावर आपटला आणि म्हणाले, "झाला का जागा?"

मला सांगावं लागलं. स्वेटरची पिशवी पुढे केली आणि जमेल तसं सांगितलं. की विमान असलं की टेकडीची रेंज येत नाही. की हे मी कालच सांगायला पाहिजे होतं. की भिया येऊन गेला.

काकांनी पिशवीतून स्वेटर काढला आणि घडी न मोडता मांडीवर ठेवला.

"म्हणजे इथं रेंज होती."

"होती."

"अन् मी बी होतो."

"हो."

"फोनच नव्हता मंग." त्यांनी स्वेटर पुन्हा पिशवीत घातला. मग विचारलं, "जेवला होता का तो?"

"माहीत नाही," मी म्हटलं. दोन चहांचं मला माहीत होतं.

आम्ही भियाला फोन लावला, त्याने उचलला नाही. ट्रक चालवत असेल. शेळ्या गोळा करून उतरायला निघालो तेवढ्यात त्याचाच आला. काकांनी हिरवं बटण बरोबर बाजूला सरकवलं, पहिल्याच झटक्यात. भिया निर्मलच्या पुढे पोहोचला होता. त्याचा आवाज मला बाहेरपर्यंत ऐकू येत होता, इतका तो चिडला होता.

"बा, कुठं गेलता तू? मी किती घाबरलो."

मी मान खाली घालून उभी होते. आता काका सांगतील, या कॉलेजवालीने काय केलं ते. सगळे निरोप जसेच्या तसे देणारा माणूस.

"डोळा लागला माहा," काका म्हणाले. "झाडाखाली बसलो अन् लागला डोळा. स्वेटर चांगला आहे."

रात्री मी फोनच्या सेटिंगमध्ये पुन्हा गेले. वायफाय कॉलिंगच्या त्याच पानावर, दोन ओळी खाली, 'वायफायला प्राधान्य' असा पर्याय होता. तेवढा दाबला असता तर विमानाची गरजच नव्हती. अपडेट झालं त्याच दिवसापासून तो तिथे होता. मी पुढे वाचलंच नव्हतं.

तो दाबून दिला. आता फोन घरात वायफायवर आणि टेकडीवर रेंजवर, दोन्हीकडे वाजणार होता. दुसऱ्या दिवशी मी काकांना दोन्ही ठिकाणी वाजवून दाखवला. काका म्हणाले, "बरं झालं." आणि भियाची पुढची फेरी जवळ आली तेव्हा खिडकीजवळच्या खिळ्याला फोन टांगून, शेळ्या घेऊन, फाट्याच्या दिशेने गेले.

भियाची फेरी ज्या आठवड्यात असेल त्या आठवड्यात ते असेच जायला लागले. रोज सकाळी डबा बांधायचा, शेळ्या रस्त्याकडेने चारत न्यायच्या आणि सर्व्हिस रोडवर उभं राहायचं. ट्रक आला नाही की संध्याकाळी डबा परत आणून स्वतः खायचा. असे एका आठवड्यात तीनदा परत आले.

मी हात जोडले. "काका, जा फाट्यावर, माझं काही म्हणणं नाही. पण फोन खिशात घालून न्या. हायवेवर तर पूर्ण रेंज असते."

"अन् त्यानं घरच्या वायरीवर केला तं?"

"वायरीचा वेगळा फोन नसतो काका. नंबर एकच आहे."

"तूच म्हटलं होतं, घरातच ठेवजा."

"तेव्हा म्हटलं होतं. आता बदललं."

"बदलते, म्हणूनच तं." काकांनी शेळीच्या पाठीवर हात ठेवला. "फोन तू पाय, छोरी. पोराले मी पाहतो."

ज्या माणसाने तांड्याचे फोन सांभाळले, त्याचा फोन सांभाळायचं काम असं माझ्याकडे आलं.

पुढच्या फेरीच्या आठवड्यात मला सुट्टी होती. मी आमच्या ओट्यावर वाचत बसले होते आणि शेजारी फोन वाजला. काकांचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत चूल थंड झालेली, परातीला पीठ वाळून चिकटलेलं, डब्याची जागा रिकामी. खिळ्याला फोन वाजत होता. वर कोपऱ्यात वायफायवरून फोन आल्याची खूण होती. मी बटण बाजूला सरकवलं.

आवाज इतका स्वच्छ होता की भियाच्या मागे कोणीतरी कपबश्या विसळत होतं तेही ऐकू आलं. हाच आवाज या घरात आणायला मी किती डोकं फोडलं होतं.

"बा, हिंगणघाटहून निघालो."

"भिया, मी आहे. काका नाहीत घरी. फाट्यावर गेलेत."

"आताच? मी तं आता फोन करून राह्यलो. वाटलं, आज बी लागत नाही."

"सकाळी सातलाच गेले. कालही गेले होते. परवाही."

कपबश्यांचा आवाज येत राहिला. मग त्याने विचारलं, "डबा नेला का त्यानं?"

"नेला."

"बरं," भिया म्हणाला. आणि फोन ठेवायच्या आधी तिथल्या कोणाला तरी सांगताना ऐकू आला, "माह्यं ताट नको लावू, भाऊ. मी पुढं जेवतो."